क्रूझवरून वार्नम्युंडे-रोस्टॉक: एका दिवसात नीट कसं बघायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात

बाल्टिक क्रूझच्या कार्यक्रमात 'बर्लिन' असं छापलेलं दिसलं की आपली मंडळी जाम खूश होतात. मग सकाळी जहाजातून खाली उतरल्यावर समोर दिसतात मच्छीमार बोटी, एक दीपगृह आणि लोकलचं छोटंसं स्टेशन, आणि सगळे एकमेकांना विचारतात की बर्लिन कुठाय. बर्लिनला समुद्रच नाहीये हो. जहाज लागतं वार्नम्युंडेला, जे रोस्टॉक या जुन्या बंदराच्या शहराचं समुद्राकडचं टोक आहे, आणि बर्लिन तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आत. नाशिक बघायला जहाज अलिबागला लावावं तसला प्रकार.

आमच्या ओळखीतल्या तीन-चार कुटुंबांनी हा दिवस वाया घालवला आणि पहिल्या खेपेला आम्हीही अर्धा घालवला, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. सूत्र एकच आहे, लांबचं आधी आणि जवळचं शेवटी, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

## १. सगळ्यात आधी व्हिसा (बुकिंगच्या आधी, नंतर नाही)

भारतीय पासपोर्टवर जर्मनीत पाय ठेवायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) लागतो, "आम्ही तर जहाजातच झोपणार, आठ तासांसाठी कशाला व्हिसा" हे चालत नाही. अमेरिकेत नाहीतर दुबईत राहणाऱ्या आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो, ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीयच ना, मग शेंगेन व्हिसा लागणारच.

एंट्री किती मागायच्या ते नीट बघा. कोपनहेगनला चढून कोपनहेगनलाच उतरणार आणि मधली सगळी बंदरं शेंगेनमधली असतील तर एक एंट्री पुरते. पण जहाज इंग्लंडहून निघणार असेल किंवा मध्येच ब्रिटनचं एखादं बंदर असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि शेंगेनमध्ये तुम्ही दोनदा शिरताय का हे एकेक बंदर हातात घेऊन मोजावं लागतं. सरळ मल्टिपल एंट्री मागा, डोक्याला ताप नको.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. क्रूझवाल्यांचे दिवस बहुतेक सारखेच पडतात, त्यामुळे "जर्मनी बघायचंय म्हणून जर्मनीकडे" असा अर्ज टाकलेले परत पाठवले जातात.

तपासा: पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. विमा किमान ३०,००० युरोचा. जहाजाचा पूर्ण मार्ग बंदरांच्या तारखांसकट छापून सोबत.

## २. महिनाभर आधी तीन गोष्टी पक्क्या करा

जहाज कुठे लागणार. बहुतेक प्रवासी जहाजं वार्नम्युंडेच्या टर्मिनललाच लागतात, तिथून स्टेशन पाच-दहा मिनिटं चालत. पण रोस्टॉकचं मोठं मालवाहू बंदर नदीच्या पलीकडच्या काठाला आहे, म्हणून कागदावर नुसतं 'रोस्टॉक' असेल तर जहाजाच्या लोकांना धक्क्याचं नाव विचारा.

वार कोणता. सोमवारी संग्रहालयं बंद. रविवारी रोस्टॉकमधली दुकानं बंद, म्हणजे अगदी सुपरमार्केटसुद्धा, आपल्याला हे पटतच नाही पण खरंय. वार्नम्युंडेला समुद्रकाठचं गाव म्हणून सीझनमध्ये रविवारी दुपारी दुकानं उघडायची सूट आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते तेव्हा आत फिरता येत नाही. आणि ऑगस्टमध्ये हान्झे सेल नावाचा शिडाच्या जहाजांचा मोठा उत्सव असतो, त्या दिवसांत तुमचं जहाज असेल तर मजा आहे पण लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

बर्लिनला जायचं का नाही. हा निर्णय घरीच घ्या, जहाजावर रांगेत उभं राहून नको. साधा हिशोब आहे, जायला तीन तास, यायला तीन तास, म्हणजे बारा तासांच्या सहलीत बर्लिनमध्ये पाच-सहा तास, त्यातलं जेवण आणि बसमध्ये चढ-उतर वजा केली की ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो आणि खिडकीतून भिंत. जहाज रात्री नऊ-दहापर्यंत थांबणार असेल, पुन्हा युरोपला येणं होणार नसेल आणि सोबत म्हातारी माणसं-लहान मुलं नसतील तर जा, माझं काही म्हणणं नाही. पण मग जहाजाच्याच सहलीतून जा. ती उशिरा आली तर जहाज थांबतं, स्वतः ट्रेनने गेलात आणि अडकलात तर कोणी थांबत नाही.

बाकी सगळ्यांसाठी रोस्टॉक, आणि खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

## ३. आदल्या रात्रीची तयारी

जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच आहे का बघा. फिनलंड किंवा एस्टोनियाकडून येत असाल तर तिथलं घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे असतं. रात्रीत जहाज आपली वेळ बदलतं, फोन कधी बदलतो कधी नाही, कारण समुद्रात त्याला जहाजाचं नेटवर्क मिळतं. साधं मनगटी घड्याळ घ्या आणि झोपताना जहाजाच्या वेळेवर लावा.

फोन समुद्रात असताना फ्लाइट मोडवर, नाहीतर जहाजाच्या मोबाईल नेटवर्कचं बिल बघून घेरी येते. जर्मनीचं सिम किंवा ई-सिम किनाऱ्याला लागल्यावर चालू करा.

बॅगेत हे असू द्या:
- जहाजाचं कार्ड, आणि पासपोर्ट. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत
- वारा अडवणारं जाकीट. जुलै-ऑगस्टमध्येही तापमान विशीच्या आसपास असतं आणि वारा थेट समुद्रावरचा, आपल्या बायका नुसत्या शालीवर निघतात आणि अकरा वाजता स्वेटर विकत घेत फिरतात
- चाळीस-पन्नास युरो रोख, त्यात ५० सेंटची आणि एक युरोची नाणी भरपूर. सार्वजनिक संडासाला नाणी लागतात आणि छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही
- पाण्याची भरलेली बाटली
- त्या दिवसाचं जहाजाचं पत्रक, ज्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोनमध्ये फोटोही काढून ठेवा

सावधान: नाश्त्याच्या बुफेमधली सँडविचं डब्यात भरून खाली नेऊ नका, जहाजावरचं अन्न किनाऱ्यावर न्यायला सहसा मनाई असते. चिवड्याचं सीलबंद पाकीट वेगळं.

## ४. सकाळ: घाई इथेच करायची

दिवसाचा खुंटा आहे दुपारी बारा वाजता, आणि तो हलत नाही. रोस्टॉकच्या मारीएनकिर्श या चर्चमध्ये १४७२ चं खगोलीय घड्याळ आहे, अजून जुन्याच यंत्रावर चालतं, रोज हाताने किल्ली देतात. बरोबर बाराला त्याच्या वरच्या भागात छोटी दारं उघडतात आणि येशूसमोरून त्याच्या शिष्यांच्या बाहुल्या एकेक करून सरकतात. हे एवढंच, दोनेक मिनिटांचं, पण चुकलं तर पुढचं मध्यरात्री.

पहिल्या खेपेला आम्ही काय केलं, तर जहाजावर निवांत नाश्ता, मग सासूबाईंचा दुसरा चहा, मग वर जाऊन विसरलेला चष्मा, आणि खाली उतरलो अकरा दहाला. समोरच वार्नम्युंडेचा कालवा इतका गोड दिसत होता की "पाच मिनिटं" म्हणून तिकडे वळलो. चर्चमध्ये पोचलो तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती आणि लोक कॅमेरे बंद करून बाहेर पडत होते. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, घड्याळ तर आहे ना जागेवर."

म्हणून, जहाज सातला लागत असेल तर साडेआठ-नऊला धक्क्यावर. टर्मिनलमधून बाहेर पडल्यावर रेल्वे स्टेशनच्या पाट्या दिसतात. स्टेशनच्या पुढचा पूल ओलांडू नका. पुलापलीकडे आल्टर स्ट्रोम, म्हणजे बोटींचा तो जुना कालवा, दुकानं, सगळं आहे आणि ते सगळं संध्याकाळी तिथेच असणार आहे.

तपासा: परत चढायची शेवटची वेळ गॅंगवेजवळच्या (जहाजात चढायच्या पुलाजवळच्या) फलकावर लिहिलेली असते. जहाज सुटायच्या वेळेआधी किमान अर्धा तास असते ती. फलकाचा फोटो काढा.

## ५. तिकीट आणि लोकल

ही लोकल म्हणजे एस-बान. वार्नम्युंडे हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे जाताना चुकायला वावच नाही, जी गाडी उभी असेल ती रोस्टॉककडेच जाते. मुख्य स्टेशनला वीसेक मिनिटं.

प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये भाषा इंग्रजी करा आणि टागेसकार्टे म्हणजे दिवसभराचं तिकीट बघा. एकेरी तिकिटं दोन काढण्याच्या भावाशी तुलना करा, पण ट्रामही वापरणार असाल तर दिवसाचंच बरं पडतं, तेच तिकीट ट्राममध्येही चालतं. चार-पाच जण असाल तर ग्रुपचं तिकीट बघा. काढलेल्या तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल तर चढायच्या आधी छोट्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याशिवायचं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो, आणि तिकडचे टीसी "आम्हाला माहीत नव्हतं" ऐकून घेत नाहीत.

मशीनसमोर दोन जहाजांची गर्दी असते. तिकीट रेल्वेच्या अॅपवरून आधीच काढलेलं असेल तर तुम्ही हसत पुढे जाता.

सावधान: स्टेशनवर 'एसईव्ही' अशी तीन रोमन अक्षरं दिसली तर रुळांचं काम चालू आहे आणि गाडीऐवजी बस सुटणार. वेळ दुप्पट धरा.

## ६. रोस्टॉक, या क्रमाने

मुख्य स्टेशन जुन्या गावाच्या दक्षिणेला आहे, गावात नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर स्टेशनच्या खालीच भुयारात ट्राम थांबते, नोयर मार्क्टला जाणारी घ्या, काही मिनिटांत पोचवते. लोक स्टेशनबाहेर येऊन रस्त्यावर ट्राम शोधत बसतात, ती खाली आहे, जिना उतरा.

नोयर मार्क्ट म्हणजे मोठा चौक, एका बाजूला सात मनोरे डोक्यावर घेतलेली गुलाबी नगरपालिका. फोटो काढा आणि लगेच पूर्वेकडे पेट्रीकिर्शला चला. या चर्चच्या मनोऱ्याची उंची ११७ मीटर आहे, पण ४५ मीटरवरच्या सज्जापर्यंत लिफ्ट जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही चला. वरून अख्खं गाव, नदी आणि आता कुठे काय आहे ते एकदाचं कळतं. नकाशा वाचण्यापेक्षा हे बरं.

अकरा चाळीसला मारीएनकिर्शच्या दारात. वीस मिनिटं आधी का, तर घड्याळ वेदीच्या मागे आहे. आत शिरल्यावर समोर मोठा ऑर्गन बघून लोक तिथेच बसतात आणि बारा वाजतात मागच्या बाजूला. सरळ मागे जा, घड्याळाच्या समोर उभं राहा आणि नजर अगदी वर ठेवा. बाराचे ठोके पडले की उजव्या-डाव्या दारांकडे लक्ष. शिष्य आत जातात एकामागून एक, आणि शेवटचा, येशूला दगा देणारा जूडास आला की त्याच्या तोंडावर दार बंद होतं. अगदी खट्कन. दुसऱ्या खेपेला सासूबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारचे जर्मन आजोबाही हसायला लागले.

मग खालची तबकडी बघा, ती कॅलेंडरची. आधीची तबकडी १८८५ पासून २०१७ पर्यंत चालली आणि आताची २१५० पर्यंत पुरणार आहे. चर्चमध्ये देणगीची पेटी असते, तिथे नाणी उपयोगी पडतात.

यानंतर घाई संपली. क्रोपेलिनर श्ट्रासे हा गाड्या नसलेला रस्ता धरून पश्चिमेला चालत राहा, मध्ये विद्यापीठाचा चौक लागतो, कारंज्याभोवती मुलं भिजत असतात. विद्यापीठ १४१९ चं आहे. त्याच्या पाठीमागे जुन्या मठाचं आवार आहे, शांत, आतलं संग्रहालय फुकट (सोमवार सोडून). रस्त्याच्या शेवटी क्रोपेलिनर टोर, विटांची ५४ मीटर उंच वेस. तिथे तुमचं जुनं रोस्टॉक संपलं, पुढे जायची गरज नाही.

## ७. जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बटाट्याचं दिसलं की आपण शाकाहारी समजतो, पण परतलेल्या बटाट्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे हमखास असतात, बटाट्याच्या सॅलडमध्येही. 'श्पेक' हा शब्द पाठ करा, तेच ते. सांगायचं वाक्य: "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक", म्हणजे मांस, मासे आणि श्पेक नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर सूप मांसाच्या पाण्यातलं असू शकतं.

खात्रीचं हवं असेल तर बेकरी, चीज घातलेले पाव, मिठाचा ब्रेत्सेल, केक. केकमध्ये अंडं असतंच, जैन मंडळींनी फळं आणि स्वतःचा खाऊ ठेवावा. नाहीतर तुर्की दुकानातलं फलाफल, पोटभर आणि स्वस्त.

पाणी मागितलं की बुडबुड्यांचं येतं. "श्टिलेस वासर" म्हणा. दुकानातून बाटली घेतली तर २५ सेंट डिपॉझिट लागतं, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती मिळते, ती काउंटरला दिली की पैसे परत. बाटली चेपू नका, चेपलेली मशीन बाहेर टाकतं.

## ८. परत वार्नम्युंडे

अडीच-तीनला लोकल पकडा. आता मात्र डोळे उघडे ठेवायचे, कारण वार्नम्युंडे वेर्फ्ट नावाचं स्टेशन आधी येतं. वेर्फ्ट म्हणजे जहाज बांधायचा कारखाना, खिडकीतून मोठमोठ्या क्रेन दिसतात, लोकांना वाटतं आलं बंदर, आणि धपाधप उतरतात. बसून राहा. शेवटचं स्टेशन तुमचं.

पर्याय: रोस्टॉकच्या शहर बंदरातून वार्नम्युंडेला प्रवासी बोटी जातात, तासाभराच्या आत-बाहेर. सुंदर आहे, पण सुटण्याच्या वेळा तिथे गेल्यावर आधी बघा, आणि तुमच्या शेवटच्या वेळेला तीन तास तरी हातात असतील तरच.

आता पूल ओलांडा. उजवीकडे वळून आल्टर स्ट्रोमच्या काठाने समुद्राकडे चालत गेलात की डाव्या हाताला दुकानं, उजव्या हाताला बोटींवरच मासे विकणारे. मासे खाणाऱ्यांनी पावात घातलेला मासा, फिशब्रोएत्शेन, इथेच खावा. पण चालत खाऊ नका! सीगल पाठीमागून येतात. माझ्या नवऱ्याने पहिला घास घेऊन हात खाली केला आणि हातात फक्त पाव राहिला, वर पंखाचा एक फटका कानाला. भिंतीला पाठ लावून, पाव दोन्ही हातात धरून खायचा, तिथले लोक तसंच खातात.

गर्दीचा कंटाळा आला तर मागच्या आलेक्सांड्रिनेन श्ट्रासेवर जा, काचेच्या व्हरांड्यांची छोटी घरं आहेत आणि अर्धीही माणसं नसतात. काठाच्या शेवटी दीपगृह, ३७ मीटर, सीझनमध्ये वर चढता येतं, जिने आहेत, लिफ्ट नाही. शेजारीच लाटेसारख्या छपराची टेपॉट नावाची इमारत.

पुढे समुद्रकिनारा, रुंद, पांढरी वाळू. वेताच्या छत्रीवाल्या दोन माणसांच्या खुर्च्या भाड्याने मिळतात, वाऱ्यात त्याच्याइतकं सुख नाही. पाणी थंड असतं, पाय बुडवून आलो म्हणायचं. आणि हो, 'एफकेके' अशी पाटी दिसली की तो भाग कपडे न घालता पोहणाऱ्यांचा. तिथे कॅमेरा काढायचा नाही, खिदळायचं नाही, वळून दुसरीकडे जायचं. सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी पाट्या आधीच बघून ठेवा.

वेळ उरला तर पश्चिमेच्या धक्क्याच्या टोकापर्यंत चाला, डेन्मार्क-स्वीडनच्या फेऱ्या अगदी जवळून जातात. टोकापासून तुमचं जहाज दिसतं, त्यामुळे मनाला धीर राहतो.

## ९. उशीर होतोय असं वाटलं तर

शेवटच्या वेळेच्या एक तास आधी तुम्ही पुलाच्या जहाजाकडच्या बाजूला असायला हवं. रोस्टॉकमध्येच अडकलात आणि लोकल बंद असेल तर वाट बघू नका, टॅक्सी करा, रस्त्याने अंतर फार नाही. तरीही जमणार नसेल तर लगेच एजंटला फोन, जहाजाचं नाव, केबिन नंबर, कुठे आहात. जहाज सुटल्यावर फोन करणारे खूप असतात, त्याचा काही उपयोग नसतो, पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. तब्येतीचं काही झालं तर नंबर ११२.

आणि चढताना गॅंगवेवर कार्ड टोचून आत गेलात की घरच्या सगळ्यांची कार्डं टोचली गेली का ते बघा. आमच्याकडे एकदा नवरा आत पोचून आइस्क्रीमच्या रांगेत उभा होता आणि मी धक्क्यावर त्याची वाट बघत होते, वीस मिनिटं.